केटामाइनच्या उपचाराला जाण्याआधी : रुग्णाची आणि घरच्यांची तयारी



वस्तीतल्या आरोग्य बैठकांमध्ये हल्ली एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "ताई, डिप्रेशनवर एक सलाईन निघालंय म्हणे. एका दिवसात माणूस हसायला लागतो. आमच्या पोराला लावून घेऊ का? थोडं कर्ज काढावं लागेल." विचारणारी आई दोन-तीन वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या चढून थकलेली असते. तिला नुसतं "घ्या" किंवा "घेऊ नका" सांगून भागत नाही. हा उपचार काय आहे, कुणासाठी आहे आणि त्याला जायचं तर आधी काय करायचं, हे सगळं या वेळी नीट पाहू.

आपल्याकडे कायद्यानं काय मिळतं?

मनाची जाणीव काही तासांसाठी बदलणारी काही औषधं आहेत. त्यांना सायकेडेलिक म्हणतात. मशरूममधलं सायलोसायबिन, एलएसडी, एमडीएमए ही नावं तुम्ही मोबाईलवर ऐकली असतील. एमडीएमए शास्त्राच्या दृष्टीनं थोडं वेगळं औषध आहे, पण त्याचं नाव याच यादीत घेतलं जातं. परदेशात डॉक्टर आणि समुपदेशक यांच्या देखरेखीखाली या औषधांचे प्रयोग चालू आहेत. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२३ पासून परवानगी मिळालेल्या मानसोपचारतज्ज्ञांना मोजक्या आजारांसाठी सायलोसायबिन आणि एमडीएमए वापरू दिलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमएला मंजुरी नाकारली आणि आणखी चाचणी करायला सांगितलं. म्हणजे तिकडेही हा विषय पक्का झालेला नाही.

भारतात ही तिन्ही औषधं १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. जवळ बाळगली तरी गुन्हा होतो. कुणी "डोंगरातली मशरूम आणून देतो, डिप्रेशन जाईल" असं म्हणत असेल तर त्याच्या नादी लागू नका. त्या पुडीत नेमकं काय आहे हे कुणालाच माहीत नसतं, आणि पोलिसांच्या हाती सापडलं तर आपल्या पोराचं आयुष्य कोर्टात जातं.

आपल्याकडे डॉक्टरांच्या हातून कायदेशीरपणे मिळू शकणारं या प्रकारातलं औषध एकच आहे. ते म्हणजे केटामाइन.

केटामाइन म्हणजे काय?

हे भुलीचं जुनं औषध आहे. १९६२ साली ते तयार झालं आणि १९७० पासून दवाखान्यात वापरलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. हाड बसवताना, भाजलेल्या रुग्णाचं ड्रेसिंग करताना, लहान मुलांच्या ऑपरेशनला आम्ही नर्सेसनी ते वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

डिप्रेशनसाठी ते भुलीपेक्षा बऱ्याच कमी डोसमध्ये देतात. नेहमीचा डोस एक किलो वजनाला अर्धा मिलिग्रॅम असतो आणि तो साधारण ४० मिनिटांत सलाईनमधून हळूहळू सोडतात. ६० किलोच्या माणसाला ३० मिलिग्रॅम. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात. केटामाइननं बऱ्याच जणांना एका दिवसात हलकं वाटतं, मरणाचे विचार कमी होतात. म्हणूनच त्याचं एवढं नाव झालं.

व्हिडिओत जे सांगत नाहीत ते आता ऐका. एका सलाईनचा गुण बहुतेकदा काही दिवस, फार तर आठवडा-दीड आठवडा टिकतो. म्हणून आठवड्यातून दोन वेळा, दोन ते चार आठवडे असं ते द्यावं लागतं. एकूण सहा सलाईन हे नेहमीचं गणित आहे. नंतरही गोळ्या आणि समुपदेशन चालू ठेवावं लागतं. आणि काही जणांना त्याचा गुण अजिबात येत नाही.

आधीचा उपचार खरोखर पूर्ण झाला आहे का?

हा उपचार साध्या उदासीसाठी नाही. दोन वेगवेगळ्या गोळ्या, पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी सहा ते आठ आठवडे घेऊनही फरक पडला नसेल, तर त्याला उपचाराला दाद न देणारं डिप्रेशन म्हणतात. केटामाइनचा विचार मुख्यतः तिथे होतो.

आता आपल्या घरात बघा. गोळी पंधरा दिवस घेतली, तोंड कोरडं पडलं म्हणून सोडली. पुढच्या महिन्यात पैसे नव्हते म्हणून आणली नाही. नंतर दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, तिथे केसपेपर नेला नाही, त्यांनी पुन्हा तीच गोळी दुसऱ्या कंपनीची दिली. घरचे म्हणतात, "चार डॉक्टर झाले, कशानंच फरक नाही." प्रत्यक्षात एकही औषध पुरतं घेतलेलं नसतं. यात रुग्णाचा दोष नाही, रोजंदारीवर जगणाऱ्या घरात असंच होतं. पण अशा वेळी महागडं सलाईन लावण्याआधी साधी गोळी नीट घेऊन बघणं शहाणपणाचं आहे.

म्हणून तयारीची पहिली गोष्ट म्हणजे एक वही. तिच्यात तारखेनुसार लिहा : कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती दिवस घेतली, का सोडली. नावं आठवत नसतील तर गोळ्यांची रिकामी पाकिटं, जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड एका पिशवीत घाला आणि पिशवीच घेऊन जा. दारू चालू असेल तर तीही लिहा. लपवलं तर नुकसान आपलंच.

दुसरी गोष्ट, रक्ताच्या साध्या तपासण्या. थायरॉइड कमी असणं, अंगात रक्त कमी असणं, बी-१२ कमी असणं यानंही माणूस थकलेला, उदास, कशात मन नसलेला दिसतो. या तपासण्या झाल्या नसतील तर आधी त्या करून घ्या.

कुणी हा उपचार घेऊ नये?

पुढच्यापैकी काहीही असेल तर ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा, त्यांनी विचारायची वाट पाहू नका :

• ताब्यात नसलेला बीपी, हृदयविकार, पूर्वी झालेला पक्षाघात, डोक्यातल्या रक्तवाहिनीचा आजार.
• कानात आवाज येणं, कुणी मागे लागलंय असं वाटणं असा त्रास, आत्ताचा किंवा पूर्वीचा. घरात जवळच्या कुणाला असेल तरी.
• कधी खूप उदास, तर कधी झोप न घेता खूप उत्साहात, खर्चिक, चिडचिडं असं आलटूनपालटून होणं.
• गरोदरपण किंवा अंगावर पिणारं बाळ.
• दारू, गांजा, झोपेच्या गोळ्या किंवा इतर कशाची सवय.
• लघवीचा जुना त्रास, लिव्हरचा आजार.

केटामाइननं बीपी आणि नाडी थोड्या वेळासाठी वाढते. ज्यांना आधीच आवाज ऐकू येतात त्यांचा त्रास भडकू शकतो. वारंवार आणि देखरेखीशिवाय घेतलं तर त्याची सवय लागते, लघवीच्या पिशवीला इजा होते. म्हणूनच हे कडक नियंत्रणाखालचं औषध आहे. "इंजेक्शन घरी येऊन देतो" किंवा "गोळी पार्सलनं पाठवतो" असं कुणी सांगितलं तर त्याला सरळ नाही म्हणा.

दुसरा पर्यायही विचारा

शॉक ट्रीटमेंट, म्हणजे ईसीटी, म्हटलं की आपल्या लोकांना सिनेमातलं दृश्य आठवतं. आज ती भूल देऊन आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन करतात. २०१७ च्या कायद्यानं त्याशिवाय ती करायला बंदी आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात केटामाइननं सुमारे ५५ टक्के रुग्णांची लक्षणं निम्म्यानं किंवा जास्त कमी झाली, ईसीटीनं ४१ टक्क्यांची. त्या अभ्यासात भ्रम होणारे रुग्ण घेतले नव्हते. त्याच्या आदल्या वर्षी स्वीडनच्या अभ्यासात उलट दिसलं : रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांत ईसीटीनं ६३ टक्के पूर्ण सावरले, केटामाइननं ४६ टक्के. म्हणजे एकच उपचार सगळ्यांना चांगला असं नाही. आपल्या माणसासाठी कोणता, हे डॉक्टरांना विचारा. ईसीटी सरकारी रुग्णालयांत मिळते हेही लक्षात ठेवा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

हे प्रश्न कागदावर लिहून न्या. विचारताना संकोच करू नका. साहेबांना राग येईल म्हणून गप्प बसणं आपल्याला परवडणारं नाही.

१. माझ्या आजाराचं नाव काय आणि केटामाइनच का?
२. सलाईन लावताना कोण हजर असेल? भूलतज्ज्ञ किंवा भुलीच्या औषधाचं शिक्षण घेतलेले डॉक्टर आहेत का?
३. बीपी, नाडी, ऑक्सिजन सतत बघणारं मॉनिटर, ऑक्सिजन सिलिंडर आणि इमर्जन्सी ट्रे खोलीत आहे का?
४. एकूण किती वेळा यावं लागेल आणि फरक पडला नाही तर केव्हा थांबायचं?
५. आधी आणि नंतर बोलण्यासाठी समुपदेशक आहे का?
६. सगळे मिळून खर्च किती? लिहून द्याल का?
७. रात्री त्रास झाला तर कुणाला फोन करायचा?

दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला गोलमाल उत्तर आलं तर तिथून उठा. ज्या खोलीत मॉनिटर नाही तिथे हे सलाईन लावून घ्यायचं नाही.

महिलांसाठी एक वेगळी सूचना. या औषधाखाली माणूस पूर्ण शुद्धीत नसतो, त्याला हातपाय हलवणंही जड जातं. कॅनडात एमडीएमएच्या एका चाचणीत थेरपिस्टनं रुग्ण महिलेशी गैरवर्तन केल्याचं उघड झालं होतं. त्यामुळे खोलीत सगळा वेळ महिला नर्स असावी किंवा आपलं माणूस असावं, हे आधीच ठरवून घ्या. असं मागणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं नव्हे.

पैसा आणि हक्क

केटामाइन स्वतः जुनं आणि स्वस्त औषध आहे. खाजगी केंद्रात पैसे लागतात ते जागेचे, डॉक्टरांचे आणि देखरेखीचे. हिशोब एका सलाईनचा करू नका, सहा सलाईनचा करा. त्यात रिक्षाभाडं, रुग्णाचे सहा खाडे आणि सोबत जाणाऱ्याचे सहा खाडे धरा. पहिल्या दोन सलाईनला दागिने गहाण पडले आणि तिसऱ्याला पैसे संपले तर रुग्णाला वाटतं, आपल्यामुळे घर बुडालं. डिप्रेशनच्या माणसासाठी हा विचार फार घातक असतो. पूर्ण रक्कम जमत नसेल तर सुरू करण्याआधीच दुसरा मार्ग बघा.

तो मार्ग असा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक उपचार मिळणं हा हक्क आहे, आणि त्यात जात, धर्म, लिंग, वर्ग यावरून भेदभाव करता येत नाही हे स्पष्ट लिहिलं आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड असो वा नसो, सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत मोफत उपचार मिळाले पाहिजेत. महाराष्ट्रात ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. त्याशिवाय सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी असते. तिथे केटामाइन मिळेलच असं नाही, पण आधीच्या गोळ्या नीट बसवून देणं तिथे नक्की होऊ शकतं.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधार घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा.

याच कायद्यात आणखी एक उपयोगी सोय आहे. रुग्ण साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपल्या विश्वासाच्या एका सज्ञान व्यक्तीला स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. बहीण, मित्र, कुणीही चालतं. हा कागद घरून करून न्या. संमतीपत्र वाचून घ्या, समजलं नाही तर मराठीत समजावून मागा, मगच सही करा. सही केल्यानंतरही "नको" म्हणायचा हक्क राहतो. आजाराची माहिती गुप्त ठेवणं रुग्णालयावर बंधनकारक आहे, आणि आपल्या उपचाराची कागदपत्रं मागणं हा आपला हक्क आहे.

आधीचे दिवस आणि सलाईनचा दिवस

चालू गोळ्या मनानं बंद करू नका. झोपेच्या किंवा घबराटीच्या काही गोळ्यांमुळे केटामाइनचा गुण कमी होऊ शकतो, पण त्या अचानक सोडल्या तर झटके येऊ शकतात. काय कमी करायचं ते डॉक्टरच ठरवतील. बीपीची गोळी सकाळी घ्यायची का, शुगरची गोळी किंवा इन्शुलिन उपाशीपोटी कसं घ्यायचं, हे आदल्या भेटीतच विचारा. दारू निदान आदल्या दिवसापासून पूर्ण बंद.

पोट रिकामं लागतं, कारण मळमळ आणि उलटी होऊ शकते. भुलीच्या वेळी पाळतात तो नियम म्हणजे सहा तास जेवण नाही, दोन तास पाणी नाही. केंद्राचा नियम वेगळा असेल तर तो पाळा. सैल कपडे घाला, दागिने घरी ठेवा, निघण्याआधी आणि सलाईनच्या आधी लघवीला जाऊन या. डोळ्यांवर ठेवायला स्वच्छ ओढणी किंवा रुमाल न्या. परवानगी असेल तर शांत संगीत ऐका.

मनाची तयारी तेवढीच महत्त्वाची. घरात आदल्या रात्री भांडण झालं, सलाईनच्या वेळी मोबाईलवर वसुलीवाल्याचा फोन आला, तर तो अनुभव भीतीचा होऊ शकतो. म्हणून त्या दिवशी फोन बंद ठेवा. सलाईन चालू झाल्यावर काही मिनिटांतच अंग हलकं वाटतं, आवाज लांबून येतात, वेळ थांबल्यासारखी वाटते. कुणाला आपण वरून स्वतःलाच बघतोय असं वाटतं, कुणाला जुन्या आठवणी येतात, कुणाला रडू येतं. काही जणांना आपण मरतोय अशी भीती वाटते. स्वतःला एवढंच सांगायचं : हे औषधाचं काम आहे, नर्स शेजारी आहे, तासाभरात उतरेल. श्वासाकडे लक्ष द्या. फार भीती वाटली तर हात वर करून सांगा, सलाईनचा वेग कमी करता येतो किंवा ते बंद करता येतं. बहुतेकांचं हे एक-दोन तासांत पूर्ण उतरतं. तोवर तिथून निघायचं नाही.

सोबत जाणाऱ्यानं काय करावं?

रुग्ण बडबडला, रडला, डोळे फिरवले तर घाबरू नका. हे अंगात येणं नाही आणि बाहेरचंही काही नाही. त्याला हलवू नका, प्रश्न विचारू नका, पाणी पाजू नका. तो जे बोलला ते वस्तीत सांगत बसू नका. उलटी येतेय असं वाटलं, श्वास अडकल्यासारखा वाटला, छातीत दुखतंय म्हणाला तर लगेच नर्सला हाक मारा.

घरी नेताना रिक्षा किंवा टॅक्सी करा, दुचाकीवर मागे बसवून नेऊ नका. चाळीचा जिना हात धरून चढवा. सार्वजनिक शौचालयात त्या दिवशी एकट्याला पाठवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गाडी चालवणं, गॅसजवळचं काम, मशीनवरचं काम, कुठल्या कागदावर सही, पैशाचा व्यवहार, सगळं बंद. तान्हं बाळ त्यांच्या हातात देऊ नका.

पाचव्या शीलाचा प्रश्न

काही उपासक-उपासिका विचारतात, हे नशेचं औषध आहे, मग शील मोडतं का? पाचवं शील बेसावध करणाऱ्या मादक पदार्थांच्या सेवनापासून दूर राहायला सांगतं. आजारी माणसानं डॉक्टरांच्या हातून, मोजलेल्या डोसमध्ये घेतलेलं औषध वेगळं. ऑपरेशनला भूल घेताना हा प्रश्न आपण विचारत नाही. विनयपिटकाच्या महावग्गात आजारी भिक्खूंच्या औषधांसाठी वेगळा खंडच आहे. मात्र उपचार संपल्यावर "पुन्हा तसं वाटावं" म्हणून कुणी औषध मागू लागलं, तर तिथे शील आणि डॉक्टर दोघंही एकच सांगतील : थांबा.

सलाईननंतरचे दिवस

गुण आला तर पहिले काही दिवस फार मोलाचे आहेत. झोप वेळेवर घ्या, दोन वेळ जेवा, सकाळी चाला, समुपदेशकाकडे जा. कामाचा, नात्याचा, अपमानाचा जो प्रश्न आतून खातोय त्याबद्दल बोलणं याच दिवसांत जमतं. नोकरी गेली असेल, नवरा दारू पिऊन मारत असेल, कामावर जातीवरून टोमणे बसत असतील, तर सलाईन ते थांबवणार नाही. त्यासाठी माणसं, संघटना आणि वेळ पडली तर पोलीस स्टेशन लागतं. पण डोकं थोडं हलकं झालं की तिथवर जायचं बळ येतं.

घरच्यांनी एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावं. गुण ओसरला की काही जण आधीपेक्षा जास्त खचतात. "शेवटचा उपायही गेला" असं त्यांना वाटतं. पहिल्या सलाईनच्या आधीच घरातल्या जास्तीच्या गोळ्या, उंदराचं औषध, फवारणीचं औषध कुलुपात ठेवा. मरणाचं बोलणं निघालं तर टाळू नका, सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार वाढत नाही. अशा वेळी माणसाला एकटं सोडू नका आणि जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात घेऊन जा.

टेली-मानस ही सरकारची मोफत फोन सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. केटामाइन घ्यावं की नाही अशा गोंधळात असाल तरी तिथे फोन करा. हा नंबर आजच घरातल्या दाराच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे रात्री-अपरात्री शोधावा लागणार नाही.